कसे पोहोचाल?

आमच्या शिक्षक संघटनेच्या परिषदेची पत्रिका हातात पडली की लोक आधी अध्यक्ष कोण, बीजभाषण कोणाचं ते बघतात. मग आपलं नाव कुठल्या सत्रात आहे ते शोधतात. मागच्या पानावर तळाशी एक चौकट असते, 'कसे पोहोचाल?' अशी. ती बहुतेक जण आदल्या रात्री, पिशवी भरताना वाचतात. १९९९ पासून ती चौकट मी लिहिते. परिषदेत मी कधी बीजभाषण केलं नाही, निबंध वाचले तेही दोनच. ही सात-आठ ओळींची चौकट मात्र मी पुन्हापुन्हा लिहिली, खोडली, पायी चालून तपासली. निवृत्त झाले तरी ती माझ्याकडेच राहावी असं मला मनापासून वाटतं.

काम माझ्याकडे आलं ते डोंबिवलीमुळे. बैठकीत कोणीतरी म्हणालं, "बाई रोज लोकलने येतात, त्यांना सगळं ठाऊक असतं." ठाऊक होती ती माझी रोजची वाट. सकाळची फास्ट, घाटकोपरला उतरून मागची स्लो, माटुंगा, शाळा. पण तेव्हा तेवढं पुरत होतं, कारण आमच्या परिषदा दादरच्या आसपासच व्हायच्या. मराठी माणसाच्या सभा-संमेलनांनी दादर धरलं, त्याचं एक कारण मला कायम त्या स्टेशनात दिसत आलं आहे. बदलापूरचा माणूस आणि विरारचा माणूस एकाच पुलावर येतात, असं या शहरात इतक्या सरळपणे दुसरीकडे होत नाही. पश्चिमेला उतरलं की शिवाजी मंदिर, पूर्वेला उतरलं की मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिर. कोणी रस्ता चुकलाच तर विचारायला पावलापावलावर माणूस. माझी चौकट तीन ओळींत संपायची.

मग २०११ साली आम्हाला बीकेसी या कचेऱ्यांच्या भागातलं एक सभागृह मिळालं. एका हितचिंतकांनी शब्द टाकला होता, भाडं जवळजवळ नव्हतंच. दोन दिवसांची परिषद, शुक्रवार-शनिवार. सभागृह बघायला आम्ही समितीचे चौघे एका रविवारी दुपारी कोणाच्या तरी गाडीतून गेलो. रस्ते मोकळे, फुटपाथ रुंद, दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती. येताना वांद्रे स्टेशनवरून वळसा घेतला, तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं: वांद्रे (पूर्व) स्टेशनपासून दहा मिनिटं. तेच छापलं.

शहापूर तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाई त्या वर्षी पहिल्यांदाच निबंध वाचणार होत्या. विषय होता जुन्या मापांवरून अपूर्णांक. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. त्यांच्या मुलांच्या घरात भात अजून मापटं-पायलीने मोजला जायचा, आणि तीच मुलं फळ्यावरचा अर्धा-पाव बघून गप्प बसायची. बाईंनी वर्गात मापंच आणून ठेवली. हा सगळा अनुभव त्या दहा ते दहा-वीस या वेळात सांगणार होत्या. मापं बरोबर आणली होती, खरीखुरी. पायली, शेर, मापटं, चिपटं, सगळं एका रेक्झिनच्या पिशवीत. त्या पिशवीचं वजन मी नंतर उचलून बघितलं आहे.

त्या साडेपाचला घरातून निघाल्या. आसनगावहून लोकल, दादरला उतरणं, पूल चढून पश्चिम रेल्वेवर येणं, स्लो गाडीने वांद्रे. माझ्या चौकटीत वांद्रे लिहिलं होतं, म्हणून वांद्रे. शुक्रवारी सकाळी नऊनंतर वांद्रे पूर्वेला शेअर रिक्षाची जी लाइन असते, ती रविवारच्या दुपारी मला दिसणं शक्यच नव्हतं. लाइनीत पाऊण तास गेला. रिक्षावाल्याने संकुलाच्या तोंडाशी सोडलं, आणि पुढे 'जी ब्लॉक' कुठे हे सांगायला तिथे कोणीच नव्हतं. इमारतींवर कंपन्यांची नावं, पाट्यांवर अक्षरं आणि आकडे, आणि माणसं सगळी घाईत आत शिरणारी. पिशवी या हातातून त्या हातात घेत त्या सभागृहात पोचल्या तेव्हा दहा चाळीस झाले होते. सत्राध्यक्ष समारोप करत होते.

त्यांनी पिशवी भिंतीशी ठेवली आणि शेवटच्या रांगेत बसल्या. चहाच्या वेळी मी जवळ गेले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तुम्ही दहा मिनिटं लिहिलं होतं, म्हणून मी अर्धा तास धरला होता." एवढंच. मला ते वाक्य आजही जसंच्या तसं आठवतं.

त्या रात्री घरी नकाशा काढून बसले, आणि मग दिसलं ते जास्त लागलं. मध्य रेल्वेवरून येणाऱ्या माणसाने वांद्र्याला जायचंच कशाला? कुर्ल्याला उतरायचं, पश्चिमेला बाहेर यायचं, तिथून शेअर रिक्षा किंवा ३१० नंबरची बस. ती बस कुर्ला पश्चिम आणि वांद्रे पूर्व यांच्यामध्ये बीकेसीतूनच जाते. दादरचा पूल नको, गाडी बदलणं नको. जागेचं नावच वांद्रे-कुर्ला संकुल. नावात कुर्ला होतं, रोज कुर्ल्यावरून मी जात होते, तरी ते मला दिसलं नाही. पत्त्यात पिन कोड वांद्र्याचा होता म्हणून मी वांद्र्याची वाट सांगितली. पत्ता जागेचा असतो. वाट कोणाची असते, हे मी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी काही गोष्टी धरल्या. जागा बघायला जायचं ते परिषदेच्याच वारी, परिषदेच्याच वेळेला. मोटारीतून नाही, लोकलने. आणि एकदा हात मोकळे ठेवून, एकदा जड पिशवी घेऊन. दुसऱ्या वेळेला लागलेली मिनिटं छापायची.

या फेऱ्यांना आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर माझ्याबरोबर येऊ लागले. नकाशा ते काढतात. सरांच्या नकाशात उत्तर वर नसते, स्टेशनचा जिना खाली असतो, कारण माणूस कागद तसा धरतो. जिना उतरल्यावर उजव्या हाताला काय दिसतं, ते कागदावर उजव्या हाताला. पहिल्याच फेरीत त्यांनी विचारलं, "बाई, कोपऱ्यावरचा हा वडापाववाला दाखवू का? खूण चांगली आहे."

"रविवारी असतो का तो, सर?"

सर थांबले. जाऊन विचारून आले. रविवारी नसतो. मग त्यांनी वडापावची गाडी खोडून मागचं पिंपळाचं झाड काढलं. फोर्टात, नरिमन पॉइंटला, बीकेसीत रविवारी निम्म्या खुणा शटरमागे जातात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. बँक, झेरॉक्सवाला, चहाची टपरी यांवर वाट बेतली तर रविवारी ती वाट सापडत नाही. झाड, देऊळ, पोस्टाची पेटी, सिग्नल, पूल हे सुटी घेत नाहीत.

रविवारचा दुसरा प्रश्न ब्लॉकचा, म्हणजे कामासाठी काही तास लोकल बंद ठेवण्याचा. मुंबईतल्या परिषदा, मेळावे, शिबिरं बहुतेक रविवारी, आणि रेल्वेची देखभालीची कामंही रविवारी. वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं, पत्रिका महिनाभर आधी छापलेली असते. म्हणून छापील चौकटीच्या जोडीला मी शुक्रवारी रात्री एक निरोप पाठवते, पूर्वी फोनवरून आणि आता व्हॉट्सअॅपवर. ब्लॉक साधारण दहा-अकराच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी चारच्या आसपास संपतो. म्हणजे सकाळी येणारा सुखरूप येतो, 'काही ब्लॉक-बिक नव्हता' असं म्हणतो, आणि जेवणानंतर लवकर निघालेला माणूस फलाटावर अडकतो. हार्बर बंद असेल तर हार्बरच्या प्रवाशांना त्याच तिकिटावर मेन लाइनने किंवा वेस्टर्नने जाता येतं, हे नव्या मुंबईच्या कित्येक शिक्षकांना माहीत नसायचं. मी ते दर वेळी लिहिते. समारोप साडेचारच्या आधी नको असा माझा आग्रह असतो, तो भाषणं लांबावीत म्हणून नाही.

आता थोडं वेळापत्रकाविषयी, कारण इथे माझे समितीशी खरे मतभेद झाले आहेत. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते. दादरला यायला दहा वाजून जातात. नाशिकहून पंचवटीने येणाऱ्यांना तर त्याहून उशीर. असं असताना पुण्या-नाशिकच्या शिक्षकांचे निबंध दहाच्या सत्रात ठेवायचे म्हणजे त्यांना आदल्या दिवशी यायला लावायचं, मुक्कामाचा खर्च त्यांच्या खिशातून. दहाच्या सत्रात दादर-परळचे, ठाण्याचे, पार्ल्याचे लोक घ्या. बाहेरगावचे साडेअकरानंतर. आणि आसनगाव, कर्जत, डहाणूकडच्या लोकांना दुपारच्या पहिल्या सत्रात बोलू द्या, शेवटच्या नको, नाहीतर ते निम्मं लक्ष घड्याळाकडे ठेवून बोलतात. सुरुवातीला हे हास्यास्पद वाटायचं लोकांना. गाड्यांवरून कोणी विषयांची मांडणी करतं का, असं म्हणायचे. मी करते. विषय कितीही मोलाचा असो, तो सांगणारी व्यक्ती दादरच्या पुलावर असेल तर सभागृहात त्याचा उपयोग शून्य.

याच निमित्ताने मला १८८५ आठवतं. राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, पहिलं अधिवेशन पुण्यात भरायचं होतं. पुण्यात कॉलऱ्याची साथ आली आणि ऐनवेळी जागा बदलून मुंबईला गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात हलवली. २८ डिसेंबरला ७२ प्रतिनिधी तिथे जमले. इतिहासाच्या पुस्तकात एवढं एका वाक्यात येतं. मी मात्र ते वाक्य वाचलं की थांबते. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून निघालेल्या त्या लोकांना जागा बदलली हे कोणी कळवलं असेल? तार कोणी केली, स्टेशनवर कोण उभं राहिलं, बोरीबंदरला उतरलेल्या परक्या माणसाला गवालिया टँकची वाट कोणी दाखवली? त्या माणसाला मी ओळखत नाही, पण त्याच्या कामाची मला चांगली कल्पना आहे.

मुंबईत नव्याने येणाऱ्याला काय सांगावं लागतं हेही हळूहळू कळत गेलं. सातारा-सांगलीहून आलेले शिक्षक दादरला उतरून रिक्षा शोधत राहायचे. रिक्षा माहीम आणि सायनच्या पुढे शहरात येत नाही, तिथून दक्षिणेला टॅक्सी किंवा बस, हे आपल्याला इतकं सवयीचं की सांगायचं सुचत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला ज्येष्ठ मंडळी अजून व्हीटी (व्हिक्टोरिया टर्मिनस) म्हणतात. १९९६ साली नाव बदललं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं, आणि फलकावर आता सीएसएमटी असतं. मी तिन्ही नावांनी येणाऱ्या माणसाचा विचार करून लिहिते. एल्फिन्स्टन रोड २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. दादरला डिसेंबर २०२३ मध्ये फलाटांचे क्रमांक बदलले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठपासून चौदापर्यंत झाले. त्याआधी दोन्ही रेल्वेंचा आपापला 'एक नंबर' होता, आणि त्या दोन एक नंबरांमध्ये किती माणसं चुकामूक होऊन उभी राहिली असतील. बदल चांगलाच होता. पण त्या आठवड्यात माझ्या चोवीस वर्षांच्या जुन्या चौकटी एका झटक्यात खोट्या ठरल्या, कारण संघटनेतले लोक जुनीच पत्रिका जपून ठेवतात आणि त्यावरूनच येतात.

विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात गेले की कुर्ल्याला हार्बर धरायची. पवईच्या आयआयटीला कांजूरमार्ग, पश्चिमेला रिक्षा. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) व्याख्यान असेल तर ओळखपत्र घरी विसरू नका, कारण ती संस्था नौदलाच्या वसाहतीच्या, नेव्हीनगरच्या, टोकाला आहे. या जागांची वाट लांब असली तरी एकदा सांगितली की चुकत नाही. चुकते ती द्रुतगती महामार्गाच्या काठावरच्या जागेची.

गोरेगावच्या नेस्को संकुलात शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन बघायला आम्ही पहिल्यांदा शिक्षकांचा गट नेला, तेव्हा गोरेगाव स्टेशनला उतरून पूर्वेला रिक्षा करायची एवढंच ठरलं होतं. संकुल पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून. हमरस्त्यावर जागा आहे म्हणजे ती सोपी असणार असं वाटतं. पण हमरस्ता गाडीला सोपा आणि पायी माणसाला भिंतीसारखा. ज्यांच्या रिक्षा पलीकडच्या बाजूला थांबल्या त्यांना समोर कमान दिसत होती, माणसं आत जाताना दिसत होती, आणि मध्ये न थांबणारी वाहनं. रस्ता ओलांडायला केवढी वाट वाकडी करावी लागली. त्या वेळी एक गुडघे दुखणारे सर म्हणाले, "मी इथूनच बघतो प्रदर्शन." त्यांना कसंबसं घेऊन गेलो.

२०१६ च्या डिसेंबरात जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये राम मंदिर स्टेशन झालं, त्याने अंतर कमी झालं. मात्र तिथे फास्ट थांबत नाही, हे चौकटीत पहिल्या ओळीत. नंतर मेट्रो ७ आली, २०२२ मध्ये काही भाग आणि जानेवारी २०२३ मध्ये गुंदवलीपर्यंत पूर्ण. ती महामार्गाच्या डोक्यावरूनच जाते, आणि स्टेशनचे जिने दोन्ही बाजूंना उतरतात. डोंबिवलीकराने आता घाटकोपरला उतरावं, मेट्रो १ ने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्टेशनपर्यंत यावं, पुलाने चालत गुंदवलीला जावं आणि तिथून गोरेगाव पूर्व. गाड्या तीन होतात, पण रस्ता एकदाही ओलांडावा लागत नाही. हे मी पहिल्यांदा करून बघितलं त्या दिवशी त्या सरांना फोन केला.

मेट्रो ३ विषयी मला तितक्याच आनंदाने लिहायचं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेड. साडेतेहेतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं. माझ्यासारखीला त्या सत्तावीस नावांत सभागृहंच दिसतात. विधान भवन म्हटलं की यशवंतराव चव्हाण केंद्र. विज्ञान केंद्र म्हणजे वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. सिद्धिविनायक म्हणजे रवींद्र नाट्यमंदिर, कफ परेड म्हणजे वर्ल्ड ट्रेड सेंटर. मरोळ नाक्याला मेट्रो १ मिळते, त्यामुळे घाटकोपरहून बीकेसीला रस्त्यावरची एकही रिक्षा न करता जाता येतं. पहिल्यांदा गेले तेव्हा बीकेसीला वर आले आणि एका बाजूला उभी राहिले. शहापूरच्या बाईंची पिशवी आठवली.

पण स्टेशनचं नाव आणि सभागृहाचं दार यांच्यामध्ये जे पाचशे-सातशे पावलांचं अंतर उरतं, ते कुठलीच मेट्रो कापत नाही. जमिनीखालून वर येताना दिशेचं भान जातं. कुठल्या दाराने वर यायचं हे लिहिलं नाही तर माणूस चौकाच्या भलत्याच कोपऱ्यावर उगवतो. सर आता प्रत्येक दाराचं वेगळं चित्र काढतात, वर आल्यावर पहिलं काय दिसेल याचं. फोनवर नकाशा आहे ना, असं तरुण शिक्षक म्हणतात. आहे. तो संकुलाच्या मध्यभागी टाचणी टोचतो आणि दार मागच्या गल्लीत असतं. शिवाय खाली फोनला रेंज मिळेलच असं धरून चालू नये, म्हणून चौकट कागदावर हवीच.

मोटारीने येणाऱ्यांसाठी मी जास्त लिहीत नाही, ते आपलं शोधतात. तरी थोडं. पुण्याहून नरिमन पॉइंटला यायचं असेल तर अटल सेतू आणि पुढे पूर्व मुक्त मार्ग सोयीचा. सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा कारचा एका बाजूचा टोल २५० रुपये होता, तो चौघांत वाटला की फार वाटत नाही. बीकेसीला यायचं असेल तर मात्र सेतूवर जाऊन शिवडीला उतरण्यात अर्थ नाही. वाशीवरून यावं आणि चुनाभट्टीजवळच्या जोडपुलाने आत शिरावं. शहराच्या पाचही प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना टोल नाही. सागरी किनारा मार्ग, सागरी सेतू, अटल सेतू या तिन्हींवर दुचाकी चालत नाही. वसईहून स्कूटरवर येणारे दोन शिक्षक आमच्यात आहेत, त्यांच्यासाठी ही ओळ मी दर वेळी ठेवते. आणि किनारा मार्गाचा बोगदा दोन किलोमीटरहून जास्त लांब आहे, बाहेर पडायची जागा हुकली की मरीन ड्राइव्हलाच निघता.

यंदाची परिषद प्रभादेवीला आहे. हा भाग लिहायला मला नेहमी वेळ लागतो. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पावसात, त्या स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. ती कामाला निघालेली माणसं होती. त्यानंतर लष्कराने तिथे नवा पूल बांधला. त्या वर्षीपासून मी चौकटीत फक्त स्टेशन लिहीत नाही, पूल कुठला तेही लिहिते, आणि कार्यक्रमाची वेळ पंधरा मिनिटं उशिराची ठेवते, म्हणजे पावसात कोणाला पळावं लागू नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये तिथला गाड्यांचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला. शंभरहून अधिक वर्षं परळ आणि प्रभादेवीला जोडणारा पूल. परळला पूर्वेकडे उतरून टॅक्सी केली तर ती आता टिळक पुलावरून किंवा करी रोडच्या बाजूने फिरून येते. सर आणि मी एका रविवारी सकाळी दोन्ही करून बघितलं. टॅक्सीत बसून मीटर पडत राहिलं आणि आम्ही दादरच्या बाजूला गेलो. मग परत येऊन रेल्वेच्या पादचारी पुलाने पश्चिमेला उतरलो आणि तिथून टॅक्सी घेतली. काही मिनिटांत रवींद्र नाट्यमंदिराच्या दारात. म्हणून यंदाच्या चौकटीतली पहिली ओळ अशी आहे: 'परळला उतरणाऱ्यांनी पूर्वेला टॅक्सी करू नये. आधी पूल ओलांडून पश्चिमेला यावे, मग टॅक्सी करावी.' समितीतले एक सर म्हणाले, एवढं सविस्तर कशाला, लोक शहाणे असतात. लोक शहाणे असतातच. शहाणा माणूससुद्धा अनोळखी स्टेशनवर सकाळी नऊ वाजता आधी समोर दिसेल ती टॅक्सी पकडतो.

२०११ नंतर एक पद्धत पडली आहे, ती सांगायची राहिली. चौकटीचा कच्चा मसुदा झाला की तो समितीकडे जायच्या आधी शहापूरच्या बाईंकडे जातो. त्या आता निवृत्त आहेत. पुढच्याच वर्षी त्यांनी मापांचा निबंध वाचला, दादरला, दुपारच्या पहिल्या सत्रात. पायली टेबलावर ठेवली तेव्हा पुढच्या रांगेतले लोक उठून बघायला आले होते. त्या मसुदा स्वतः वाचतात आणि मग परिषदेला पहिल्यांदाच येणाऱ्या त्यांच्या तालुक्यातल्या एखाद्या नव्या शिक्षिकेला वाचायला देतात. तिला जे कळलं नाही ते मला फोनवर सांगतात. 'मधला पूल म्हणजे काय? कुठून मोजून मधला?' हा प्रश्न एकदा आला होता, आणि मग मी 'मधला पूल' लिहिणं सोडून 'कल्याणच्या बाजूचा', 'सीएसएमटीच्या बाजूचा' असं लिहायला लागले. एकदा आलं, 'फास्ट म्हणजे कुठली, इंडिकेटरवर काय दिसतं?' तेही घातलं.

यंदाचा मसुदा मी गेल्या बुधवारी पाठवला. काल रात्री त्यांचा फोन आला. टॅक्सीची ओळ चांगली आहे म्हणाल्या. ब्लॉकचं कळलं. मग म्हणाल्या, "बाई, ही मुलगी सात महिन्यांची गरोदर आहे. निबंध तिचा आहे, येणारच म्हणते. त्या पुलाला सरकता जिना आहे का, की चढायचं? आणि चढायचं असेल तर पायऱ्या किती?"

आम्ही त्या पुलावरून गेलो होतो. मी मिनिटं लिहून आणली होती. पायऱ्या मोजल्या नव्हत्या, आणि सरकता जिना कुठल्या बाजूला आहे तेही लिहून ठेवलं नव्हतं. सरांना लगेच फोन केला. रविवारी सकाळची आठ बाराची गाडी धरायची ठरली आहे.